मेलेली ढोरं, मेलेले टीव्ही : 'परवडतं का' हा प्रश्न कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात मंचरला एक शिबिर संपल्यावर तीन पोरं माझ्याजवळ येऊन बसली. दोघं आयटीआय झालेली, तिसरा बीए करून टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या मार्केटला हमाली करणारा. त्यांनी फोनवर एक व्हिडिओ दाखवला. एक माणूस जुन्या टीव्हीच्या पाट्या हातात धरून सांगत होता की ई-कचऱ्यात सोनं आहे, फक्त काढता आलं पाहिजे. पोरांचा प्रश्न साधा होता. "दादा, जुन्नर-आंबेगावातले जुने एलसीडी टीव्ही गोळा करायचे, फोडायचे, माल विकायचा. परवडेल का?"

मी उत्तर देण्याआधीच शेजारी बसलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते उसळले. "बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढायचं बंद करायला लावलं आणि तुम्ही आता मेलेले टीव्ही ओढणार?" पोरं गप्प झाली. मीही गप्प झालो, कारण दोन्ही बाजूंचं मला पटत होतं.

हा लेख त्या संध्याकाळचं उत्तर आहे. उशिरा देतोय, पण मधल्या काळात थोडं वाचलं, थोडं मोजलं, आणि माझ्या आत्याशी बोललो. आत्याचं पुढे येईल.

सुरुवात संगमनेरपासून करतो. आळेफाट्यावरून नाशिकच्या दिशेला निघालं की जुन्नर तालुका संपतो आणि संगमनेर लागतं, म्हणजे ही आपल्या शेजारची गोष्ट. १५ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरच्या भाषणात ती सांगितली होती. मेलेली जनावरं ओढू नका, मेलेलं मांस खाऊ नका, असं त्यांनी समाजाला सांगायला सुरुवात केली तेव्हा 'केसरी'तून एक हिशोब मांडला गेला. गावात वर्षाला इतकी जनावरं मरतात, त्यांचं कातडं, शिंगं, खुरं, हाडं विकून पाचशे रुपये मिळतात, ते सोडून हे लोक स्वतःचं नुकसान करून घेत आहेत. पुढे संगमनेरला सभेसाठी गेले असताना 'केसरी'च्याच एका बातमीदाराने त्यांना हाच प्रश्न विचारला. तुमचे लोक इतके गरीब, अंगावर धड कपडा नाही, आणि तुम्ही त्यांना हे उत्पन्न सोडायला सांगता? बाबासाहेबांनी त्याला आधी त्याच्या घरात माणसं किती ते विचारलं. मग म्हणाले की तुमचं कुटुंब तर चांगलं मोठं आहे, तेव्हा गावातली मेलेली जनावरं तुम्हीच ओढा, ते पाचशे रुपये तुम्हीच घ्या, आणि वर मी माझ्याकडून दरवर्षी पाचशे देतो.

आपण ही गोष्ट भाषणात सांगतो, लोक हसतात, टाळ्या वाजतात आणि पुढे जातो. थोडं थांबून बघितलं तर दिसतं की बाबासाहेबांनी तो हिशोब खोटा ठरवलेला नाही. कातड्याला भाव नव्हता असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी एवढंच दाखवलं की फायद्याचा आकडा काढणारा माणूस स्वतः त्या फायद्याच्या वाऱ्यालाही उभा राहणार नाही. म्हणजे जे परवडतं असं सांगितलं जातं ते ठराविक जातीलाच परवडावं अशी सोय आधीच झालेली असते.

ही सोय कायद्याने केलेली होती, हे तरुणांना सांगावं लागतं. महार वतन म्हणजे जमिनीचा सन्मान असा समज अजूनही काही घरांत आहे. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने गावकामगारांची वंशपरंपरा सरकारी कागदावर पक्की केली. महाराने सांगावा न्यायचा, सरकारी वसुलीची रक्कम पोचवायची, शिवेच्या वादात साक्ष द्यायची, सरणाची लाकडं फोडायची, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात हाडकी-हाडोळा म्हणून जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं. चोवीस तास बांधलेलं काम, आणि ते करायला माणूस आला नाही तर घरातलं दुसरं कुणीतरी धरून न्यायचं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. ते बिल तेव्हा पार पडलं नाही. वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं, आणि तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते.

याच काळात आपल्या जुन्नर तालुक्यात दुसऱ्या एका वतनाचं भांडण चालू होतं. १८८० च्या दशकात ओतूरच्या सत्यशोधक शेतकऱ्यांनी भटाला न बोलावता लग्नं लावायला सुरुवात केली, आणि ग्रामजोश्यांनी दक्षिणेसाठी कोर्टाची पायरी चढली. त्या काळात कोर्टंही म्हणत की जोशीपण हा वंशपरंपरेचा हक्क आहे, विधी दुसऱ्याने केला तरी जोश्याची दक्षिणा बुडत नाही. म्हणजे एकाच गावात दोन वतनदार. एकाला काम न करता पैसे मागण्याचा हक्क, दुसऱ्याला पैसे न मागता काम करण्याची सक्ती. ओतूरची ही गोष्ट पुढे टीव्हीच्या हिशोबात पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता आपलेच काही लोक म्हणतील, धातू आणि भंगार यांचा बौद्ध माणसाशी काय संबंध? जुन्नरच्या डोंगरांत जाऊन बघा. तुळजा, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री अशी चारी बाजूंनी बौद्ध लेणी. नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याचा माल वर यायचा आणि या लेण्यांना दान करणारे बहुतेक याच रस्त्यावर पोट भरणारे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने इथे सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं, असा शिलालेख आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे आणि कासारांच्या, म्हणजे काशाची भांडी करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. ठेव म्हणजे आजच्या भाषेत फिक्स डिपॉझिट. बुरूड आणि कासार ही त्या काळातली बँक होती, आणि त्यांच्याकडच्या व्याजावर धम्माचं काम चालावं असं देणाऱ्याला वाटत होतं. तिथे यवनांची नावं आहेत, शकाचं नाव आहे. कुणाचा हात लागल्याने धातू बाटला अशी नोंद मात्र कुठे नाही. (लेण्याद्रीच्या सात नंबरच्या विहारात आज कोण बसलंय ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर वेगळा लेख लिहायचा आहे.)

तेव्हा हाताने काम करणं, धातू वितळवणं, वेगळा करणं यात कमीपणा आहे असं धम्म म्हणत नाही. वणिज्ज सुत्तात उपासकाने न करायचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष. भंगार त्यात नाही. विष मात्र आहे, आणि टीव्हीच्या बाबतीत हा शब्द नुसता अलंकार म्हणून घेता येत नाही.

आपल्या देशात जिवंत वस्तूची जात वेगळी आणि मेलेल्या वस्तूची वेगळी. नवा टीव्ही विकणारं दुकान मंचरच्या बाजारपेठेत असतं, त्याच्या उद्घाटनाला नारळ फुटतो. तोच टीव्ही दहा-बारा वर्षांनी मेला की गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये येतो, आणि शेडच्या आजूबाजूची वस्ती कुणाची हे मी सांगायला नको. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगाव एमआयडीसीत टीव्ही तयार होतात. जन्म तिकडे, मरण इकडे, अंतर तासा-दीड तासाचं.

आपल्या भागात टीव्ही कसा आला तेही थोडं सांगतो. जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ मध्ये परदेशांशी संपर्काचं देशातलं पहिलं उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, पुण्याला त्याच्या पुढच्या वर्षी, आणि रंगीत चित्र १९८२ च्या एशियाडच्या वेळी. आमच्या वस्तीत पहिला टीव्ही समाजमंदिरात होता, लाकडी दारांचा, त्याची किल्ली एका माणसाकडे. डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडालं, कालव्याचं पाणी खालच्या गावांना गेलं, ऊस आला, टोमॅटो आला, हातात पैसा आला आणि पुढे भिंतीवर सपाट पडदे आले. २००८ ते २०१२ च्या दरम्यान घेतलेले ते एलसीडी आता एकामागून एक बंद पडताहेत. दिवाळीला एक्स्चेंजमध्ये जातात किंवा भोंगा लावलेल्या टेम्पोत.

आता आत्याकडे येतो. माझी चुलत आत्या लोणी-धामणीच्या कोरड्या पट्ट्यातली. १९७२ च्या दुष्काळानंतर तिची सासरची माणसं पुण्याला गेली, आणि ज्यांना कारखान्यात घेतलं नाही, घरकामाला भांड्याजवळ उभं केलं नाही, त्या बायांनी जे केलं ते तिने केलं. खांद्याला पोतं लावून कचराकुंडीतून कागद, काच, पत्रा वेचला. पुण्यातल्या कचरावेचकांत बहुसंख्य बाया दलित आहेत, महार आणि मातंग समाजातल्या. त्यांना कुणी वतनाचा कागद दिला नव्हता. कायदा गेला होता, पण शहराने तेच काम त्याच हातांसाठी शोधून ठेवलं होतं.

१९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढाव, मोहन ननावरे, एसएनडीटी विद्यापीठाच्या पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांच्या पुढाकारातून ही युनियन झाली. तिचं पहिलं मोठं यश म्हणजे ओळखपत्र. महापालिकेची मान्यता असलेलं फोटोचं कार्ड गळ्यात आल्यावर पहाटे पोलिसाने चोर म्हणून धरणं कमी झालं. त्यानंतर आरोग्य विमा आला. २००८ पासून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबरच्या कराराने दारोदार कचरा गोळा करते, आणि तिच्या सभासदांची संख्या साडेतीन हजारांवर आहे. यातला मुद्दा पैशाचा नाही. या बायांनी हिशोब उलटा मांडला. 'आम्हाला किती मिळतं' एवढंच न विचारता 'आमच्यामुळे शहराचे किती वाचतात' हे त्यांनी मोजून दाखवलं. जो कचरा त्या वेचतात त्याची वाहतूक पालिकेला करावी लागत नाही, तो पैसा वाचतो, मग त्यात आमचा वाटा कुठे? संगमनेरच्या प्रश्नाला बाबासाहेबांनी जे उत्तर दिलं त्याचीच ही पुढची पायरी आहे असं मला वाटतं. तुझा फायदा तूच घे, हे पहिलं उत्तर. तुझा फायदा आमच्या कामातून होतोय, त्याचं बिल दे, हे दुसरं.

मी आत्याला विचारलं, "टीव्ही फोडायचं काम केलंस का कधी?"

"केलं की. जुने डबे होते तवा. मागचं नळकांडं फोडलं की तांब्याचं वेटोळं निघायचं. त्याला पैसे यायचे. हे चपटे आले आणि त्यात काय राहिलं नाय बघ. नुसते स्क्रू."

तिचं म्हणणं पडताळायचं ठरवलं. आमच्या भागातल्या एका ओळखीच्या भंगार दुकानात त्या तिघा पोरांपैकी दोघांना घेऊन बसलो. ३२ इंची एलसीडी, पडदा फुटलेला, वजन १२ किलो. दुकानदाराने तो २०० रुपयांना घेतला होता. पाना-पेचकस घेऊन सगळा सुटा करायला एक तास वीस मिनिटं लागली. लोखंडी चौकट आणि पाठीचा पत्रा मिळून ४ किलो, त्या दिवशीच्या २८ रुपये दराने ११२. काळं प्लास्टिक ३ किलो, १२ ने ३६. इलेक्ट्रॉनिक पाट्या ९०० ग्रॅम, ११० च्या दराने ९९. वायर आणि स्पीकर पाव किलो, त्याचे ५०. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या २०० ग्रॅम, २४ रुपये. एकूण ३२१. खरेदी वजा जाता १२१ रुपये राहिले, त्यातून टेम्पोचं डिझेल आणि जागेचं भाडं जायचं. टोमॅटोच्या तोडणीला जाणारा माणूस यापेक्षा बरी मजुरी घेतो, आणि त्याला रोज काम मिळतं. रोज पाच-सहा मेलेले टीव्ही दोन तालुक्यांत मिळत राहतील असं कुणी समजू नये.

हा एका टीव्हीचा, एका दिवसाच्या भावाचा हिशोब आहे. तांबं महागलं की थोडा बदलेल, पण फार नाही, कारण सपाट टीव्हीत तांबंच कमी. सोनं आहे का? आहे, पाटीवरच्या काही जोडांवर अगदी पातळ मुलामा. ते काढायला ॲसिड लागतं, आणि ॲसिडची कामं दिल्लीच्या सीलमपूरला, मुरादाबादला गल्लीबोळांत झाली, तिथली माती आणि माणसं दोन्ही त्यात गेली. व्हिडिओवाला हे दाखवत नाही.

आणखी एक गोष्ट मोजली. सगळं विकून झाल्यावर साडेतीन किलोहून जास्त माल जमिनीवर पडून राहिला. पडद्याची दोन काचांची चिकटलेली तावदानं, मागची पारदर्शक जाड शीट, पातळ पांढऱ्या फिल्म आणि नळ्या. या नळ्यांबद्दल नीट सांगतो, कारण पोरांना माहीत नव्हतं आणि दुकानदारालाही नव्हतं. एलईडी येण्याच्या आधीच्या एलसीडी टीव्हीत पडद्यामागे उजेडासाठी पेन्सिलीपेक्षा बारीक काचेच्या ट्यूब असतात. प्रत्येकीत काही मिलिग्रॅम पारा असतो, आणि एका टीव्हीत अशा अनेक नळ्या. सोडवताना त्यातली एक तरी तुटतेच. आमच्याही दोन तुटल्या. पारा साध्या हवेतही वाफ होऊन उडतो, बंद शेडमध्ये तो श्वासातून आत जातो, मेंदूला आणि मूत्रपिंडाला बाधतो, आणि पोटातल्या बाळाला त्याचा धोका सगळ्यात जास्त. शिवाय पॉवर सप्लायच्या पाटीवरचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देण्याइतका भरलेला राहू शकतो. वायर सोलायचा कंटाळा म्हणून ती जाळली तर पीव्हीसीचा धूर निघतो, तो तर थेट विषच. नळ्या असलेला टीव्ही ओळखायला सोपं आहे : मागच्या लेबलवर एलईडी लिहिलेलं नसेल आणि टीव्ही २०१० च्या आगेमागेचा असेल तर नळ्या आहेत असंच धरायचं.

पडून राहिलेला तो माल कुठे जातो? ओढ्याला. मी नाव घेत नाही, पण कुठल्या ओढ्याला ते आपल्याला माहीत आहे, आणि त्याच्या खालच्या अंगाला कुणाच्या विहिरी आहेत तेही.

म्हणून पोरांनो, फोडण्याच्या धंद्याला माझं उत्तर 'नाही' असं आहे. ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कारणासाठी नाही, १२१ रुपयांसाठी आणि त्या नळ्यांसाठी.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच दिवशी एक टीव्ही मेकॅनिक दुकानात आला. त्याने आम्ही सोडवलेल्या पाट्यांतली पॉवर सप्लायची पाटी उचलली, मीटर लावून बघितलं आणि त्या एकट्या पाटीचे ४०० रुपये काढून दिले. वजनावर तिचे पंचवीस-तीससुद्धा आले नसते. पडदा फुटलेल्या टीव्हीच्या पाट्या चांगल्या असतात आणि पाटी जळालेल्या टीव्हीचा पडदा चांगला असतो. एकाचं मरण दुसऱ्याचा सुटा भाग. हे आयटीआय झालेल्या पोराचं काम आहे, पोत्याचं नाही. मॉडेल नंबर लिहून ठेवणं, तपासणं, जुन्नर-ओतूर-नारायणगाव-घोडेगावच्या मेकॅनिकांना फोटो पाठवणं. फोडणाऱ्याला किलोवर पैसे मिळतात आणि ओळखणाऱ्याला नगावर. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' मध्ये जातीला श्रमाची नाही तर श्रमिकांची विभागणी म्हटलं, ते भंगाराच्या दुकानात डोळ्यांनी दिसतं. वजन करणारे हात आपले आणि मीटर लावणारे हात दुसऱ्याचे, ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

आता ओतूरच्या जोश्याकडे परत येऊ. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, ते मे २०१२ पासून लागू झाले. त्यात उत्पादकाची जबाबदारी आली : ज्याने टीव्ही विकला त्याने मेल्यावर त्याची व्यवस्था लावायची. २०१६ ला नवे नियम आले आणि १ एप्रिल २०२३ पासून २०२२ चे नियम लागू आहेत. आता पद्धत अशी की कंपनीने स्वतः गोळा करायची गरज नाही. नोंदणीकृत रिसायकलरने सोनं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड परत मिळवलं की त्याला प्रमाणपत्रं मिळतात, आणि कंपनी ती प्रमाणपत्रं विकत घेऊन आपली जबाबदारी फेडते. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सरकारने किमान दर किलोला २२ रुपये ठरवला, त्यावर काही मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या.

आमच्या १२ किलोच्या टीव्हीला हा दर लावला तर २६४ रुपये होतात. प्रमाणपत्राचा खरा हिशोब परत मिळालेल्या धातूवरून सूत्राने होतो, म्हणून हा गुणाकार ढोबळ आहे. तरीही बघा : सगळा टीव्ही फोडून ३२१ आणि नुसत्या कागदाचे २६४ च्या घरात. हा कागदाचा पैसा टेम्पोवाल्याला नाही, वेचणारीला नाही, मंचरच्या शेडलाही नाही. तो नोंदणी असलेल्याला. आधीच्या नियमांत सुटे भाग करणाऱ्याची आणि संकलन केंद्राची वेगळी जागा होती. २०२२ च्या नियमांत नोंदणी उत्पादक, निर्माता, दुरुस्तीकार आणि रिसायकलर यांचीच, आपला माणूस ज्या पायरीवर उभा राहू शकला असता ती पायरीच काढून घेतली. विधी दुसऱ्याने केला, दक्षिणा वतनदाराला. आणि पाऱ्याच्या नळीचं प्रमाणपत्र निघत नाही, कारण ती त्या चार धातूंत बसत नाही. विषाचा भाग कुणाच्याच हिशोबात नाही, फक्त फोडणाऱ्याच्या फुप्फुसात आहे.

जगभर काय वेगळं आहे असं नाही. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद होऊन नीट रिसायकल झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. उरलेला कुणाच्या तरी वस्तीत आहे.

याच नियमांत आपल्या कामाची कलमं आहेत, ती कुणी वाचत नाही. राज्याच्या कामगार विभागाने या कामातल्या मजुरांची नोंदणी करायची, त्यांचे गट बांधायला मदत करायची, प्रशिक्षण द्यायचं, सुरक्षा आणि आरोग्यावर लक्ष ठेवायचं. उद्योग विभागाने औद्योगिक क्षेत्रात या कामासाठी जागा किंवा शेड राखून ठेवायची. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी कचऱ्यात आलेला ई-कचरा वेगळा करून नोंदणीकृत रिसायकलरपर्यंत पोचवायचा. चाकण आणि रांजणगाव ही दोन औद्योगिक क्षेत्रं आपल्या अंगणात आहेत. तिथे अशी शेड मागायला आजवर कुठली संघटना गेली? आपण जयंतीच्या परवानगीसाठी जितक्या वेळा तहसीलला जातो त्याच्या एक दशांश वेळा तरी कामगार कार्यालयात जायला हवं. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांचा १५ टक्के निधी समाजमंदिराच्या फरशीवर आणि सतरंज्यांवर जातो. संकलनाची कोरडी, हवेशीर खोली त्यातून मागता येते का, हे ग्रामसभेत विचारायला कुणी हरकत घेतलेली नाही.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. त्यांच्या वडिलांनी गावाचा बहिष्कार सोसून ढोर ओढायचं सोडलं होतं, ते घराचं दूध बंद झालेलं त्यांना आठवतं. ते मला म्हणाले, "अरे, चांगली शेड बांधून दिली, हातमोजे दिले, तरी काम कुणाचं राहिलं? आपलंच ना?" हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. जुलै २०१६ मध्ये उना झाल्यावर गुजरातच्या दलितांनी मेलेली जनावरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली, आणि मोर्चात मागणी केली ती जमिनीची. काम सोडणं आणि बदल्यात काय ते मागणं, दोन्ही एकत्र. आपल्याकडे सोडा म्हणणारे मागत नाहीत आणि धंदा करा म्हणणारे सोडत नाहीत. माझं मत असं की वेचायचं काम आत्यावर संपावं, तिच्या सुनेपर्यंत येऊ नये. पण आत्या आज ते करतेय तोवर तिची नोंदणी, तिचा विमा आणि त्या २२ रुपयांतला तिचा वाटा मागण्यात आपल्याला लाज वाटायचं कारण नाही.

पोरांचं म्हणाल तर तिघांनी फोडायचा विचार सोडलाय. दोघांनी नारायणगावच्या एका मेकॅनिककडे पाट्या तपासायचं शिकायला सुरुवात केली आहे. नळ्यांचे टीव्ही आले तर न उघडता तसेच बाजूला ठेवायचे आणि पाच-दहा जमले की नोंदणीकृत रिसायकलरला अख्खे द्यायचे, पावती घ्यायची, असं ठरलंय. तिसरा, हमाली करणारा, कामगार विभागाच्या अर्जाचा मसुदा लिहितोय. पुढच्या महिन्यात घोडेगावला बैठक आहे. जुन्नर-आंबेगावात भंगाराचं काम करणाऱ्या, करून सोडलेल्या किंवा घरातलं कुणी करत असलेल्या सगळ्यांनी यावं. येताना भंगार दुकानाच्या पावत्या असतील तर त्या आणाव्यात, अर्जाला त्या जोडायच्या आहेत.

जय भीम.